चार तबकड्यांचा उशीर

खोकं आलं त्या दुपारी आमच्या कॉलेजच्या शिपायानं ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, मिक्सर मागवलाव काय?" दिसायला ते तसंच होतं. राखाडी पत्र्याचा डबा, मागे चार वायरी खोचायला चार तोंडं आणि पुढे एक हिरवा दिवा. मी त्याला म्हटलं, हो, आकाश वाटायचा मिक्सर आहे. तो हसला नाही. माझे विनोद त्याला कधीच आवडत नाहीत.

एका संशोधन संस्थेनं तो डबा आम्हाला वापरायला दिला होता. आकाशातून प्रकाशाबरोबर रेडिओच्या लाटाही येत असतात. चार अँटेना लांब लांब उभ्या करायच्या, त्यांनी पकडलेल्या लाटा या डब्यात आणायच्या आणि डबा त्या एकमेकींशी ताडून बघतो. असं केलं की चार लहान अँटेना मिळून एका मोठ्या अँटेनेचं काम करतात. अट फोनवर स्पष्ट सांगितली होती. शिमग्याच्या आधी संस्थेच्या बाई येऊन बघतील. चारही अँटेना जुळलेल्या असल्या तर डबा कायमचा कॉलेजचा. नसल्या तर त्या तो सोबत घेऊन जातील, कारण पुढचं कॉलेज रांगेत उभं आहे.

मी पेणच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि राहते रोह्याला. रोज सकाळच्या गाडीनं येते, संध्याकाळच्या गाडीनं जाते. इतकी वर्षं मी जे शिकवलं त्या सगळ्याचं उत्तर आधीच कुणीतरी काढून ठेवलेलं होतं. आमच्या लॅबमध्ये लोलक टांगला की पोरं दोऱ्याला हात लावायच्या आधी विचारतात, "मॅडम, किती यायला पाहिजे?" मी सांगते. मग ते तेवढंच येतं. उत्तर आधी लिहायचं आणि रीडिंग मागून बसवायची, ही आमच्याकडची पद्धत आहे आणि तिच्यात सगळे तरबेज आहेत. पोरांना दोष देण्यात अर्थ नाही, मार्क त्यालाच मिळतात. पुढे हीच पोरं रोह्याच्या कंपन्यांच्या लॅबमध्ये शिफ्टला लागतात आणि तिथेही कागदावर काय यायला पाहिजे ते आधी विचारून घेतात.

मला एकदा, निदान एकदा, त्यांना अशा वस्तूसमोर उभं करायचं होतं जिचं उत्तर पुस्तकात नाही, मला ठाऊक नाही आणि परीक्षकालाही ठाऊक नाही. त्यासाठी तो डबा हवा होता. हवा होता म्हणजे हवाच होता. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, एवढं मनावर घेऊ नका, नाही जमलं तर परत देऊ. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पहिला प्रयत्न मी रोह्यालाच केला, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर. टीव्हीची एक जुनी छत्री मिळवली, पाण्याच्या टाकीला टेकवून सूर्याकडे केली आणि डबा जोडला. लॅपटॉपवर जी रेघ उमटली ती रेघ नव्हतीच, नुसतं रान माजलं होतं. समोर मोबाइलचे टॉवर, पलीकडे कंपन्यांच्या मोटारी, खालच्या मजल्यावर कुणाचं तरी वेल्डिंग. या गलक्यातून सूर्याचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. वर गच्चीत मिरच्या सुकवायला आलेल्या काकूंनी छत्रीची सावली मिरच्यांवर पडते म्हणून तक्रार केली ती वेगळीच. मी निमूट सगळं उतरवलं.

मग मला माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातली एक मुलगी आठवली. गागोद्याच्या अलीकडच्या एका वाडीतली. तिच्या घरी मोबाइलला रेंज येत नाही म्हणून ती कायम रडगाणं गायची. नोट्स मिळाल्या नाहीत, मेसेज कळला नाही, तुमचा फोन लागला नाही. चहूकडून डोंगर आडवे आलेले. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरल्या शिरल्या मी तिला म्हटलं, "तुझ्या घरी येणार आहे मी. रेंज अजून नाही ना?" ती म्हणाली, "नाय ना मॅडम." मला इतका आनंद झाला की तिला वाटलं मी थट्टा करतेय.

तिच्या वडिलांची भाताची खाचरं उतारावर एकाखाली एक होती. भात निघालं होतं आणि त्या ओलीवर त्यांनी वाल पेरायला घेतला होता. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वरचं खाचर घ्या. तिथं दगड हाय, वाल धरत नाय. पण खालच्यात पाय नाय पडला पायजे कुनाचा. बांधावरनं चालायचं." मी कबूल केलं. त्या बोलीनं पुढचे दोन-अडीच महिने माझ्या वर्गातल्या पोरांनी पाइप, वायरी, बॅटऱ्या, सिमेंटची घमेली, सगळं त्या अरुंद बांधावरून डोक्यावर वाहिलं. मीही वाहिलं. बांधावर चालायची लहानपणची सवय सुटली होती, त्यात साडी, म्हणून दुसऱ्या दिवसापासून पंजाबी ड्रेस घातला.

अँटेनांच्या तबकड्या करून द्यायला माझा भाऊ होता. माझं माहेर हमरापूरचं. आमचा गणपतींचा कारखाना वडिलांनंतर दादाच चालवतो. त्याच्याकडे जाऊन मी जमिनीवर खडूनं बाक काढून दाखवला. म्हटलं, दीड मीटर रुंदीची परात पाहिजे, आतून बरोबर अशी, आणि चार पाहिजेत. त्यानं विचारलं, कशाला? मी सांगितलं. त्यानं परत विचारलं, "म्हंजे कशाला?" मग मीच सोडून दिलं.

पण काम त्यानं असं केलं की बघत राहावं. प्लायवूडचा तुकडा त्या बाकाबरहुकूम कापला, मधल्या पाइपाला बसवला आणि ओल्या प्लॅस्टरवरून गोल फिरवत फिरवत साचा काढला. त्या साच्यावर फायबरचे थर दिले आणि थरांच्या मध्ये ॲल्युमिनियमची बारीक जाळी घातली. लाटा परतवायचं काम जाळी करते. चारही तबकड्या एकाच साच्यातल्या. मी म्हटलं, "दादा, इतकं घासत बसू नको. आपली लाट एक वीत लांबीची आहे. बोटभर इकडेतिकडे झालं तरी चालतं." तो भडकला. "बोटभर चूक चालते तर माझ्याकडं कशाला आलीस गो? पत्रेवाल्याकडं जायचं." आणि पुन्हा घासायला बसला.

तबकडीवर पडलेली लाट मध्यभागी एका पत्र्याच्या डब्यात गोळा होते. ते डबेही कारखान्यातलेच, रंगाचे रिकामे. आत तांब्याची छोटी काडी आणि तिथून वायर. डब्याच्या तोंडावर प्लॅस्टिकचं झाकण लावायचं ठरलं, कारण उघडं तोंड दिसलं की कुंभारमाशी घर करणार आणि पहाटेचं दव आत उतरणार. प्लॅस्टिकमधून रेडिओची लाट सहज आरपार जाते, तिची काही अडचण नव्हती. झाकणं दादाच पाठवतो म्हणाला.

ती आली तेव्हा पोरांनी टाळ्याच वाजवल्या. चारही झाकणांवर सोनेरी रंगात चित्रं होती. पहिल्यावर शंख, दुसऱ्यावर चक्र, तिसऱ्यावर गदा, चौथ्यावर कमळ. गदेच्या मागची सगळी जमीनही सोनेरी भरलेली. मी फोन केला तर म्हणाला, "आपल्या कारखान्यातनं कोरं काय बाहेर गेलंय काय कधी?" हे खरं होतं. आमच्या गावातून कच्च्या मूर्ती ट्रक भरभरून बाहेर जातात, जिकडे जातात तिकडे रंगतात. आमच्या वडिलांनी एकही कच्ची पाठवली नाही. रंगवून, डोळ्यांची आखणी करूनच मूर्ती उंबऱ्याबाहेर पडायची. दादानं ते पुढे चालवलं होतं. मला ती झाकणं फार आवडली. मी स्वतःच्या हातानं ती बसवली.

आणि मग काही केल्या जुळेना.

जुळवणं म्हणजे काय ते सांगते. गणपतीच्या आरतीला चार जण टाळ्या वाजवतात आणि एकाचा हात जरा मागे पडतो. सगळ्यांना ते खटकतं, पण कोण मागे आहे आणि किती, ते कळलं तर त्याला धरून बाकीचं सावरता येतं. अँटेनांचंही तसंच आहे. लाट चारही तबकड्यांवर येते, पण तिथून राखाडी डब्यापर्यंत पोचायला प्रत्येकीला वेगळा वेळ लागतो. कुणाची वायर लांब, कुणाच्या जोडणीत काही. आम्ही त्याला सरळ 'उशीर' म्हणायचो आणि तो सोयीसाठी वायरीच्या लांबीत मोजायचो. चौथीचा उशीर इतके मीटर, तिसरीचा तितके. सूर्य कुठे आहे हे आपल्याला नेमकं माहीत असतं. तबकड्या त्याच्याकडे करायच्या आणि तो सरकत जाताना लॅपटॉपवरची रेघ कशी वरखाली होते ते बघायचं. त्यावरून प्रत्येकीचा उशीर काढता येतो. एकदा तो कळला की वजा करायचा आणि चौघी एका सुरात आल्या.

आमच्या रेघा वरखाली होतच नव्हत्या. झाल्या तर इतक्या मरतुकड्या की आहेत की भास आहे, कळू नये. आम्ही वायरी बदलल्या. जोड खरवडून पुन्हा डाग दिला. डब्याच्या चार तोंडांत वायरींची अदलाबदल करून पाहिली, तरी दुखणं तबकड्यांबरोबरच फिरत राहिलं. सगळ्यात आजारी तिसरी. मी तिचा खांब उकरून पुन्हा उभा केला. रविवारी पोरं कंटाळून आली नाहीत तेव्हा मी एकटी गेले आणि दिवसभर फीत धरून अंतरं मोजली. मुलीची आई घरातून हाक मारून म्हणाली, "या गो मॅडम, दोन घास खावा, दगड काय पळून जात नाय." मी गेले नाही. रागात मला भूक लागत नाही.

शिमगा जवळ येत चालला होता. कॉलेजात प्राचार्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, डब्याचं पॅकिंग जपून ठेवलंय ना? मी म्हटलं, जाळून टाकलं. ते खरं नव्हतं, पण मला तसं म्हणायचं होतं.

पत्ता लागला तो झाकणांमुळे. एका सकाळी दव फार पडलं होतं. वाडीतली मुलगी तिसरीचं झाकण काढून ओढणीनं पुसत होती. मी खाचराच्या कडेला डब्यासाठी उभारलेल्या खोपटात लॅपटॉपसमोर बसले होते. अचानक तिसरीची रेघ उडी मारून वर गेली आणि थोड्या वेळानं धपकन खाली आली. मी बाहेर येऊन ओरडले, "आत्ता काय केलंस?" ती घाबरली. "कायच नाय मॅडम. झाकान पुसलं." मी म्हटलं, परत काढ. तिनं काढलं. रेघ वर. लाव. रेघ खाली.

मी त्या गदेकडे बघत उभी राहिले. सोनेरी रंग म्हणजे व्हार्निशमध्ये कालवलेली पितळेची पूड. पितळ म्हणजे धातू, आणि रेडिओच्या लाटेला धातू म्हणजे भिंत. माझं लहानपण ती पूड नाकातोंडात जाण्यात गेलं, माझ्या शाळेच्या पाटीवर ती चमकायची, आणि मला हे सुचू नये? फिजिक्स शिकवताना मी माहेर विसरत होते आणि माहेरच्या वस्तूवर प्रेम करताना फिजिक्स. मला स्वतःची अशी चीड आली की मी खोपटाच्या लाकडी मेढीला लाथ मारली. पाय दुखला. पोरं हसली आणि मग मीही हसले.

झाकणं घेऊन मी तशीच हमरापूरला गेले. कारखान्यात दादा एका मोठ्या मूर्तीच्या सोंडेवर हात फिरवत होता. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, थिनर दे, हा रंग काढून टाकते. त्यानं झाकणं माझ्या हातातून काढून घेतली.

"देवाची आयुधं हायेत ती. मी काढली हायेत. ती खरवडायची?"

"दादा, ती लाट अडवतात."

"तर मग तुझी लाटच तसली. आजवर माझ्या रंगानं कुनाचं काय अडलं नाय."

"मग साधी झाकणं लावते. बाजारातली, कोरी."

हे मी बोलायला नको होतं. तो पाठ फिरवून परत सोंडेकडे वळला. मला त्याचं वाईट वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. त्यानं एवढं मनापासून केलं होतं, आणि त्याच कामापायी माझा डबा परत जाणार होता. पण भांडून निघून जाण्याएवढे दिवस माझ्याकडे उरले नव्हते. मी फळीवरच्या बाटल्या बघितल्या. पितांबरी, गुलाबी, आकाशी, शेंदरी, चंदेरी, सोनेरी, मोती.

मी म्हटलं, "दादा, उद्या माझ्याबरोबर शेतावर चल. सगळे रंग घेऊन चल. कोणता रंग लाट जाऊ देतो आणि कोणता नाही, ते तूच बघ. जो जाऊ देईल त्यानं परत काढ. कोरं काही लावत नाही मी."

त्यानं मान वर केली नाही, पण विचारलं, "गाडी किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी बांधावरून माझा भाऊ रंगांची पिशवी सांभाळत आला. तोपर्यंत त्यानं ते खाचर पाहिलंही नव्हतं. आपल्या तबकड्या डोंगराच्या पायथ्याशी उघड्यावर उभ्या बघून तो क्षणभर थांबला आणि एकीच्या काठावरून त्यानं पंजा फिरवला. मग आम्ही कामाला लागलो. साध्या झाकणांवर एकेक रंग दिला, उन्हात वाळवला आणि एकेक झाकण तिसरीला लावून बघितलं. पोरं रेघ वाचून ओरडत होती. पितांबरी पास. गुलाबी पास. आकाशी पास. चंदेरी नापास. सोनेरी तर सपशेल नापास. शेवटी मोती रंग लावला, ज्यानं मूर्तीच्या अंगावर झळाळी येते. मला खात्री होती की तोही पडणार. पण तो आरामात पास झाला. मोती रंगात धातू नसतो, अभ्रकाची पूड असते.

दादा मोठ्यानं म्हणाला, "ह्याला सोनं चालत नाय, मोती चालतो. नखरे बघा!" आणि तिथेच खोपटाच्या सावलीत बसून त्यानं पितांबरी जमिनीवर मोत्याची झळाळी देऊन चारही आयुधं परत काढली. पहिल्यापेक्षा बारीक काढली. जुनी सोनेरी झाकणं त्यानं पिशवीतून बरोबर आणली होती, ती तशीच परत नेली. त्यांचं काय केलं ते मी विचारलं नाही.

त्यानंतर रेघा अशा डौलात वरखाली व्हायला लागल्या की दुपारचं ऊन, पायांतले काटे, सगळं विसरायला झालं. मी स्वतः बसून चारही तबकड्यांचे उशीर काढले. पुन्हा पुन्हा काढले, दर वेळी तेच आले. ते एका कागदावर नीट अक्षरात लिहिले आणि खोपटात टांगले. पोरांना मात्र बजावलं की नुसतं माझं बघत बसू नका, स्वतः करायला शिका. ती शिकली. पण मला माहीत होतं की करताना प्रत्येकाची नजर त्या कागदाकडे जाते.

संस्थेच्या बाई आल्या त्या दिवशी दादाही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. बाई ठेंगण्या, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं मोजकं. बांधावरून त्या माझ्यापेक्षा झरझर चालल्या. झाकणं बघून म्हणाल्या, "छान आहेत. रंग तपासलात?" मी हो म्हटलं. दादानं माझ्याकडे बघितलं आणि शर्टाची कॉलर उगाच सारखी केली.

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना जेवायला पिटाळलं. त्यांना खोपटात डब्याजवळ थोडं एकटीनं बसायचं होतं. मुलीच्या आईनं तांदळाच्या भाकरी आणि वालाचं बिरडं केलं होतं. जेवून आलो तर बाईंनी टांगलेला कागद काढून स्वतःच्या हातात घेतला होता. मला म्हणाल्या, "तुम्ही आता तिकडे बांधावर बसा. बोलायचं नाही. मुलं सगळं पहिल्यापासून करतील, कागद न बघता."

मी बसले. शेजारी दादा बसला. पोरांनी तबकड्या सूर्याकडे फिरवल्या, रेघा घेतल्या, हिशोब केला. वाडीतली मुलगी खोपटाबाहेर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिनं पहिलीचा उशीर सांगितला, बाईंनी कागद बघून मान हलवली. दुसरीचा सांगितला, मान हलवली. तिसरीचाही जुळला. माझ्या लाडक्या तिसरीचा! मग चौथीचा.

बाई थांबल्या. म्हणाल्या, "मॅडमच्या कागदावर वेगळं आहे. तुमचं सव्वा मीटरनं जास्त येतंय."

चौथी मी स्वतः तपासली होती, माझा आकडा पक्का होता. पोरांनी कुठेतरी चिन्ह चुकवलं असणार, घाईत सूर्याची वेळ चुकीची घातली असणार. एवढं सगळं करून चार तबकड्यांतली एक, आणि त्यावर डबा जाणार. पोरांनी वळून माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला ओळखीचं होतं. मी नुसती भुवई उडवली असती तरी सव्वा मीटर कुठेतरी विरघळून गेला असता आणि सगळं गोड झालं असतं. माझं तोंड उघडलं. दादानं माझ्या दंडाला इतक्या जोरात धरलं की बोटांचे वळ उठले. मी तोंड मिटलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मग? कोणता लिहू?"

मुलीनं ओठ चावला. "थांबा बाई, परत करतो."

त्यांनी परत केलं. या वेळी हिशोब दुसऱ्या मुलानं केला, त्यानं तिचा आकडा बघितलाही नाही. आला तो तोच. सव्वा मीटर. एवढ्यात ती उठून चौथीपर्यंत गेली, वायर हातानं चाचपत खोपटाच्या दारापर्यंत आली, आत ती डब्यामागच्या ताडपत्रीखाली जात होती, तिथलं तिला काही दिसलं नाही. ती परत लॅपटॉपजवळ उभी राहिली. पुन्हा माझ्याकडे बघितलं, पण आता विचारायला नाही.

"आमचा लिहा," ती म्हणाली. "मॅडमचा त्या दिवशीचा हाय. आज चौथीची वायर लांब हाय. का ते म्हाईत नाय, पन लांब हाय."

बाईंनी तिचा आकडा लिहून घेतला. मग खोपटात जाऊन डब्याच्या मागची ताडपत्री उचलली. चौथीची वायर जिथे डब्यात शिरत होती तिथे आणखी एक काळी वायर मध्येच जोडलेली होती, वेटोळं करून दडवलेली. आम्ही भाकरी खात होतो तेव्हा त्यांनी ती घातली होती. मुलीनं फीत लावली. सव्वा मीटर भरली.

"हा तुकडा राहू दे इथेच," बाई म्हणाल्या. "डबाही राहू दे."

पोरांनी जो गोंधळ केला त्यात एक जण खालच्या वालात पडला आणि मुलीच्या वडिलांनी घरातूनच शिवी हासडली. दादा मला विचारत होता, म्हंजे झालं ना, झालं ना गो? मी डोळे पुसत मान हलवली. बाईंनी माझा कागद मला परत दिला. मी तो मुलीपुढे धरला आणि म्हटलं, चौथीचा आता जो आहे तो लिही.

तिनं कागद मांडीवर घेतला. माझ्या आकड्यावर सरळ काट मारली, शेजारी स्वतःचा लिहिला आणि कागद परत खोपटात टांगून ती बाकीच्यांकडे पळाली. इतकी वर्षं शिकवतेय मी, माझ्या आकड्यावर काट मारणारी ती पहिली.